जळीत विभागातले ४६ दिवस: एका लॅब टेक्निशियनने घेतलेला अनुभव

धाकट्या भावाला घेऊन आम्ही ज्या जळीत विभागात ४६ दिवस काढले, त्याबद्दल लिहितोय. रुग्णालयाचं नाव देत नाही. चांगल्याबरोबर दोन-तीन तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि त्यापायी तिथल्या एखाद्या सिस्टरला कुणी जाब विचारावा असं मला वाटत नाही. मी तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. गेली १४ वर्षं रोज काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून पांढऱ्या पेशी मोजतो. त्यामुळे घरचे बाकी सगळे ड्रेसिंगकडे बघायचे आणि मी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदाकडे. त्या कागदाने मला पहिल्या आठवड्यात दोनदा चकवलं.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या कोल्हापूरच्या पट्ट्यात तेव्हा गुऱ्हाळं जोरात असतात. संध्याकाळचं शेवटचं आदण उतरवताना धाकट्याचा पाय घसरला आणि काहिलीतला पाक अंगावर आला. डावा पाय मांडीपासून, उजवा गुडघ्याखाली, डावा हात कोपरापर्यंत. पाणी १०० अंशांना उकळतं. गुळाचा पाक उतरवायच्या वेळी ११८-१२० अंशांच्या घरात असतो, आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. गुळव्या मामांनी कुणालाही टूथपेस्ट की तेल यावर वाद घालू दिला नाही. बोअरचा पाइप ओढला आणि २० मिनिटं नुसतं पाणी सोडत राहिले. पुढे जळीत विभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी हे ऐकून विचारलं होतं, “कोण होते ते? त्यांना माझा नमस्कार सांगा.”

जवळच्या एका दवाखान्यात आम्हाला पांढरं मलम चोपडून, सलाईनची एकच बाटली लावून चार तास बसवून ठेवलं. त्या चार तासांची किंमत मला नंतर कळली. जळीत विभागात पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तिथल्या निवासी डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “भाजलं किती वाजता?” मी म्हटलं, साडेसहा. त्यांनी माणसाची आकृती छापलेल्या कागदावर लाल पेनाने भाजलेले भाग रंगवले, बेरीज ३२ टक्के आली. वजन ६० किलो. दर किलोला, दर टक्क्याला ४ मिलिलिटर सलाईन असा हिशोब: ४ गुणिले ६० गुणिले ३२, म्हणजे २४ तासांत ७,६८० मिलिलिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास रुग्णालयात आल्यापासून मोजत नाहीत, भाजल्यापासून मोजतात. म्हणजे साडेचार तास आधीच गेलेले. दोन्ही हातांना नसा धरल्या, लघवीची नळी घातली आणि दर तासाला लघवी मोजून सलाईनचा वेग कमी-जास्त करत बसले. रात्रभर एक डॉक्टर खाटेपासून हलला नाही. हा माझा या विभागाबद्दलचा पहिला चांगला शेरा.

दुसऱ्या दिवशी सीबीसी आली. पांढऱ्या पेशी २२,४००, नेहमीच्या कितीतरी वर. मी आईला म्हटलं, “आई, अंगात ताकद आहे त्याच्या, सैन्य उठलंय.” मॅडमनी ते ऐकलं असावं. राउंड संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि मी लॅबवाला आहे म्हणून जरा मोकळेपणाने सांगितलं.

कातडी एवढी जळते तेव्हा लाखो पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातला माल रक्तात सांडतो. त्यात मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या छोट्या भागांचे, तुकडे असतात. मायटोकॉन्ड्रिया हे फार प्राचीन काळी जिवाणूच होते, म्हणून त्यांचा डीएनए जिवाणूंच्या डीएनएसारखा दिसतो. संरक्षक पेशींना वाटतं अंगभर जंतू शिरले. जखमेत अजून एकही जंतू नसताना सगळ्या शरीरात धोक्याची घंटा वाजते. त्यातच कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढल्याने रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रवाहात येतात, अस्थिमज्जा तयार-अर्धवट सगळा साठा बाहेर ढकलते, आणि आकडा २२,००० होतो. “हे सैन्य उठलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या, “हे गोंधळून रस्त्यावर आलेलं गाव आहे.”

तिसऱ्या दिवशी आकडा आला ३,४००. माझे हातपाय गार पडले. लॅबमध्ये असा कागद आला की आम्ही डॉक्टरांना आधी फोन करतो. मी धावत सिस्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचा मलमाचा डबा दाखवला. सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ मध्ये पुढे आलेलं आणि जगभर वापरलं गेलेलं पांढरं मलम. ते लावल्यावर दोन-तीन दिवसांनी काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि बहुतेक वेळा मलम न थांबवताही वर येतात. सहाव्या दिवशी खरोखरच १६,००० झाल्या. डॉक्टर तर सांगतीलच, पण ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला हे तोंडपाठ असणं मी मोठं मानतो.

आता जे लिहितोय त्यासाठीच हा सगळा लेख आहे.

त्या रुग्णालयाच्या लॅबमधल्या एका सीनियर टेक्निशियनशी माझी ओळख झाली. एकाच कामातली माणसं, चहावर जमलं. त्यांनी सहाव्या दिवशीची धाकट्याची काचपट्टी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. तेलाचा थेंब टाकला, १०० च्या भिंगाखाली घेतली. निरोगी न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं असतं, मधे बारीक धाग्यांनी जोडलेलं, आणि भोवतीचा भाग फिकट गुलाबी, जवळजवळ स्वच्छ. इथे चारातली एक पेशी कोवळी होती, केंद्रक घोड्याच्या नालासारखं वाकडं, पाकळ्याच पडलेल्या नाहीत. ज्या मोठ्या होत्या त्यांच्यात गडद जांभळे दाणे पसरलेले, राईच्या दाण्यांसारखे गच्च. आणि मधेमधे पांढरी भोकं, जणू कुणी सुईने टोचलीत. आम्ही अशा पेशींना टॉक्सिक ग्रॅन्युलेशन आणि व्हॅक्युओल्स असं अहवालात एका ओळीत लिहून मोकळे होतो. त्या दिवशी ती ओळ माझ्या भावाची होती. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

मशीन फक्त मोजतं. १६,००० पेशी आहेत एवढं सांगतं. त्यातल्या किती जणांना जखमेकडे जाण्याची वाट सापडते, गेल्यावर जंतूला गिळता येतं, गिळल्यावर मारता येतं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. मोठ्या भाजण्यानंतर नेमक्या याच तीन गोष्टी बिघडतात. न्यूट्रोफिल जंतूच्या वासावर सरळ चालत जातो, तो चालायचाच गोंधळतो. गिळण्याची ताकद कमी होते. आणि गिळलेल्या जंतूवर ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडून त्याला मारायचं जे काम, तेही मंदावतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर हेच तपासून दाखवलं, की ज्यांना पुढे सेप्सिस होतो, म्हणजे जंतुसंसर्गापायी सगळं शरीरच ढासळतं, त्यांच्या न्यूट्रोफिलचं काम अगदी पहिल्या दिवसांपासूनच ढासळलेलं असतं आणि कोवळ्या पेशी वाढलेल्या असतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने २०१८ मध्ये एक छोटी चिप दाखवली. रक्ताचा एक थेंब तिच्या बारीक बोळांत सोडायचा आणि न्यूट्रोफिल कसे फिरतात ते बघायचं. कुणी बोलावलेलं नसताना ते आपणहून भटकायला लागले तर सेप्सिसची शंका घ्यायची. असं यंत्र आमच्या तालुक्याला कधी येईल तेव्हा येवो. तोवर काचपट्टी डोळ्यांनी बघणारा माणूस लागतो, आणि या रुग्णालयात तो होता. रोजच्या सीबीसीबरोबर हाताने पाहिलेली पट्टी, कोवळ्या पेशींची टक्केवारी लिहून. अनेक मोठ्या ठिकाणी हे बंद झालंय.

बिघाड फक्त न्यूट्रोफिलमध्ये नसतो. मोनोसाइट पेशी जंतूचा तुकडा आपल्या अंगावर झेंड्यासारखा दाखवून टी-पेशींना, म्हणजे शत्रू ओळखून लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना, ओळख पटवून देतात. मोठ्या भाजण्यानंतर तो झेंडा धरणारा रेणूच त्यांच्या अंगावर कमी होतो. टी-पेशींची संख्या घटते, उरलेल्या लढाईच्या बाजूने कमी आणि शांत करण्याच्या बाजूने जास्त बोलू लागतात. म्हणजे एकीकडे अंगात ताप, सूज, आग, आणि त्याच वेळी जंतूंपुढे हात टेकलेले. हे दोन्ही एकदम चालू असतं. मला हे समजायला आठवडा लागला, आणि समजलं तेव्हा वॉर्डमधले जे नियम जाचक वाटत होते ते सगळे एकदम उलगडले.

उदाहरणार्थ, हात धुणं. आत जायचं तर चप्पल बाहेर, गाऊन, टोपी, मास्क, आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. दारातल्या मावशी घड्याळाकडे बघत उभ्या असायच्या. एकदा मी घाईत पाण्याखाली हात नुसता फिरवला तर त्या म्हणाल्या, “दादा, पुन्हा. तुमच्या भावाला स्वतःचं कातडं नाही, आपणच त्याचं कातडं.” मी पुन्हा धुतले. मोठमोठ्या डॉक्टरांनाही त्या तसंच परत पाठवताना मी पाहिलंय. या विभागाला मी जे काही गुण देतोय, त्यातले निम्मे त्या मावशींचे आहेत.

किंवा जळलेली कातडी लवकर काढणं. भाजलेला काळपट थर हा मेलेला असतो, त्यात रक्त पोचत नाही, म्हणून पांढऱ्या पेशीही नाहीत आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही नाही. जंतूंसाठी ते आयतं ताट, आणि शरीरासाठी रोज धोक्याची घंटा वाजवणारं इंधन. तो थर पातळ-पातळ कापत रक्ताचे थेंब दिसेपर्यंत काढायचा आणि लगेच झाकायचं, ही पद्धत स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यांझेकोविच यांनी १९७० च्या सुमारास जगापुढे आणली. धाकट्याची पहिली शस्त्रक्रिया चौथ्या दिवशी झाली, दुसरी आठव्या. शेजारच्या खाटेवरचे काका दुसरीकडून तीन आठवड्यांनी आले होते, तो थर तसाच घेऊन. फरक मी डोळ्यांनी पाहिला.

झाकायला कातडी कुठून आणायची? मांडीवरची चांगली कातडी पुरेना. मी म्हटलं, माझी घ्या, सख्खा भाऊ आहे. मॅडमनी मान हलवली. त्यांनी मला १९४३ ची ग्लासगोमधली गोष्ट सांगितली. भाजलेल्या एका तरुणीवर तिच्याच भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले होते. काही दिवस जगले, मग गळून गेले. दुसऱ्यांदा लावले तर आणखी लवकर गेले. शरीर परक्याला ओळखतं आणि ती ओळख लक्षात ठेवतं, हे त्यावरून शल्यविशारद गिब्सन आणि जीवशास्त्रज्ञ मेडावर यांनी दाखवलं. पुढे मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं. अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचा एक पाया असा एका भाजलेल्या बाईच्या खाटेशी घातला गेला. मग आमच्यासाठी त्वचापेढीतून, म्हणजे दान केलेली कातडी साठवतात तिथून, मृत दात्याची कातडी आली. ती कायम टिकत नाही, पण खालची जखम झाकते, पाणी आणि प्रथिनं धरून ठेवते, वेदना कमी करते. निरोगी माणसाचं शरीर अशी कातडी साधारण दोन आठवड्यांत नाकारतं. धाकट्याच्या अंगावर ती त्याहून जास्त दिवस टिकली, कारण तिला नाकारणाऱ्या टी-पेशीच थकलेल्या होत्या. ज्या दुबळेपणाने त्याला जंतूंपुढे उघडं पाडलं, त्यानेच ती उसनी कातडी सांभाळली. तिच्या आडोशाने मांडीची जागा भरून आली आणि तिथूनच पुन्हा स्वतःची कातडी घेता आली.

जाता जाता हे सांगितलंच पाहिजे. भारतातली पहिली त्वचापेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी देता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, पाठीचा आणि मांड्यांचा पातळ पापुद्रा तेवढा घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते. कुणाच्या घरी दुःख झालेलं असताना कुणीतरी हा फोन केला, म्हणून माझ्या भावाचा पाय झाकला गेला. ते घर कोणतं हे आम्हाला कळणार नाही.

जेवणाबद्दल. पहिल्या रात्रीच नाकातून नळी घालून दूध-पावडरचं फीड सुरू केलं होतं. आई घाबरली, “एवढा आजारी आणि पोटात ढकलताय?” कारण असं, की आतडं उपाशी ठेवलं तर त्याची भिंत कमजोर होते आणि आतलेच जंतू रक्तात उतरायचा धोका वाढतो. शरीर पडल्या पडल्या धावणाऱ्यासारखी ऊर्जा जाळत असतं, खोली म्हणूनच उबदार ठेवतात. आम्ही घामाने भिजायचो आणि तो थंडी वाजते म्हणायचा. नळी निघाल्यावर आहारतज्ज्ञ ताई रोज प्रथिनांचा हिशोब वहीत लिहायच्या. अंडी, पनीर, मुगाचं धिरडं. धाकटा वैतागून म्हणायचा, “दादा, अंड्याचं नाव काढलंस तर बघ आता.” तरी खायचा.

बाहेरच्या एका मेडिकलवाल्याने मला ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून ग्लुटामिन या प्रथिनघटकाची महागडी पावडर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, भाजलेल्या सुमारे १,२०० रुग्णांवरची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ग्लुटामिनने काही फायदा झाला नाही. ते पैसे अंड्यांवर घाला. ज्या रुग्णालयात डॉक्टर नको त्या गोष्टीला स्पष्ट नको म्हणतात, तिथे माझा विश्वास बसतो.

बाराव्या दिवशी रात्री ते झालं ज्याची सगळ्यांना धास्ती होती. ड्रेसिंगला हिरवट झाक आली आणि गोडसर वास. स्युडोमोनास, भाजलेल्या जखमेत शिरणारा जिवाणू. ताप, नाडी, वाढलेल्या पेशी हे तर भाजलेल्या माणसाला रोजचंच असतं, त्यावरून सेप्सिस ओळखता येत नाही, हीच खरी अडचण. मला कागदावर दुसरंच खटकलं होतं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दोन दिवसांत १,९०,००० वरून ९२,००० वर आलेल्या. त्याच संध्याकाळी फीड पोटात राहत नव्हतं आणि साखर चढली होती. मी सिस्टरना कागद दाखवायला गेलो तर त्यांनी आधीच डॉक्टरांना बोलावलं होतं. जंतू ओळखायला रक्ताचं कल्चर घेतलं, अँटिबायोटिक बदललं, सकाळी थिएटरमध्ये जखम साफ केली. तोवर कुणी ‘सावधगिरी म्हणून’ भारी अँटिबायोटिक देत नव्हतं, याबद्दल काही नातेवाईक कुरकुरायचे. पण आधीच सगळी शस्त्रं वापरली असती तर त्या रात्री हातात काय उरलं असतं? पाच दिवस खूप वाईट गेले. सहाव्या दिवशी तो म्हणाला, “दादा, चहा दे की रं.” मी जिन्यात जाऊन रडलो.

आता तक्रारी. रविवारी कल्चरचे अहवाल मिळत नाहीत. बाराव्या दिवसाचं कल्चर सोमवारी हातात आलं, आणि अशा रुग्णांच्या विभागात हे चालता कामा नये. नातेवाइकांना बसायला कॉरिडॉरमधले सहा बाक, बायकांना रात्री आडोसा नाही. आणि समजावून सांगणं माणसावर अवलंबून आहे. मला लॅबची भाषा येते म्हणून मला सगळं कळलं. शेजारच्या खाटेवरच्या काकांची बायको रोज मला विचारायची, “आकडा वाढला म्हणजे चांगलं ना रे भाऊ?” तिला हे सांगायला विभागातलं माणूस हवं. मी लेखी सूचनापेटीत टाकलंय, प्रत्यक्षही बोललो. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जळिताचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी आणा, आम्ही चौथ्या दिवशी आणले आणि तोवरची औषधं खिशातून गेली.

घरी सोडताना मॅडमनी जे सांगितलं ते बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. जखम भरली म्हणजे पेशी पूर्ववत झाल्या असं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात भाजलेल्यांच्या पांढऱ्या पेशींमधल्या जनुकांचं वागणं वर्षभरापर्यंत बिघडलेलं दिसलं. म्हणून पहिलं वर्षभर साध्या खोकल्यालाही लगेच दाखवायचं, फ्लूची लस घ्यायची, धुरात-धुळीत जायचं नाही. धाकट्याने यंदाचा हंगाम गुऱ्हाळावर पाऊल ठेवलं नाही, हिशोबाची वही घरून बघतो. व्रण दाबून ठेवणारे प्रेशरचे घट्ट मोजे दिवसाचे २३ तास असतात, उन्हाळ्यात फार त्रास होतो, तरी घालतो.

मागच्या आठवड्यात त्याची सीबीसी मी माझ्याच लॅबमध्ये केली. ७,८००. मशीनवर विश्वास न ठेवता पट्टी काढली, रंगवली, तेल टाकलं. पाकळ्या तीन-चार, दाणे बारीक, भोकं नाहीत. त्यालाही भिंगातून दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “हे माझं हाय व्हय?”